उंबरमाळची टाकी, बहात्तर टक्के

डिंभे,
९ मार्च २०२५

चि. समर्थ यास,
वैजयंतीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. तुझा जुना नंबर आता नाशिकच्या कुणा बाईकडे गेलाय. दोनदा मी तिची माफी मागितली, तिसऱ्या वेळी तिनेच विचारलं, "सापडला का तुमचा भाऊ?" शेवटी घरातलं टोमॅटोचं क्रेट आठवलं. राखीला तू भरून आणलं होतंस ते. त्याच्यावर तुझ्या वडिलांनी रंगाने नाव टाकलेलं आहे, चांगदेव आणि खाली पिंपरी पेंढार. तेवढ्या पत्त्यावर हे पाठवते आहे. तू घरी नसलास तरी कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचवेल.

इकडे सगळं ठीक. तुझा दाजी सुनील पहाटे होडी घेऊन जातो, धरणात पाणी उतरायला लागलंय म्हणून जाळं आता लांब टाकावं लागतं. मासा बरा मिळतो. तुझं नाव निघालं की म्हणतो, "त्या पावण्याला काटे काढून द्यायला लागायचे, राव." पाणीयोजनेचं पंपघर तू सोडलंस तसंच आहे. एसी बंद पडलाय, खुर्चीचं एक चाक गेलंय, तिच्यावर बसलं की माणूस आपोआप खिडकीकडे तोंड करतो. मी खाली वीट लावली आहे.

तू शिकवलेलं मात्र काही विसरले नाही. तू म्हणायचास, "ताई, हा कॉम्प्युटर म्हणजे नुकतं जन्मलेलं पोर. त्याला काहीच माहीत नसतं. टाकी कुठली, तिचं नाव काय, तळ कुठे, काठ कुठे, पाणी किती खाली गेलं की रडायचं, सगळं आपणच सांगायचं." असा एकेक पॉइंट भरत तू बसायचास आणि मी शेजारी बसून वाड्यांची नावं सांगायचे. माझ्या माहेरच्या उंबरमाळचा पॉइंट भरताना तू म्हणालास, ही ताईची टाकी, हिला नीट भरू. पावसाळाभर तू आमच्याकडे जेवलास, आईकडे वर जाऊन राहिलास, त्या दिवसांत पंपघराला घराची कळा होती.

एक लहानसं काम होतं. उंबरमाळचा पॉइंट मला जरा अडकल्यासारखा वाटतो. बाकीच्या टाक्यांचे आकडे कसे सारखे हलतात, एक्केचाळीस, चाळीस, पुन्हा एक्केचाळीस. हा हलत नाही. टाकी तीस टक्क्यांच्या खाली गेली की मधल्या टप्प्यावरच्या पंपाने आपोआप चालू व्हायचं, असं तू बसवलं होतंस. आकडाच खाली उतरत नाही म्हटल्यावर पंपाला उठवणार कोण? मला आकडे फक्त बघता येतात, बदलता येत नाहीत. सवडीने एक फोन कर, म्हणजे कळेल काय करायचं ते.

आई मजेत आहे. हिरडा वेचायला जाते, पोरींच्या आधी झाडाखाली पोचते. तुझ्यासाठी नाचणीचे पापड दिलेत, ते याच पुडक्यात आहेत. भाजून खा, तळू नकोस, असं तिने दोनदा बजावलंय.

स्नेहलला आशीर्वाद. तिला दिवस गेल्याचं दिवाळीत तूच सांगितलं होतंस, आता जपायला सांग.

तुझी ताई,
वैजयंती


डिंभे,
६ एप्रिल २०२५

चि. समर्थ,
आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू. पापड कसे झाले ते तू भरभरून बोललास. मग मी उंबरमाळचं नाव काढलं आणि तुझी रेंज गेली. रेंज माझी जायला हवी रे, डोंगरात मी राहते, तू चाकणला आहेस.

नंतर तुझा मेसेज वाचला. जुनी कंपनी सोडल्याचं पत्र त्यांनी अजून दिलेलं नाही, नवीन नोकरी कच्ची आहे, पासवर्ड बदललेत, "ताई, मला यात ओढू नको." मी तो मेसेज सुनीलला दाखवला नाही. तो तापट आहे, तुला माहीत आहे.

समर्थ, मी तुला ओढत नाही. तुझं नाव तिथे आधीच आहे.

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. म्हटलं, तू स्वतःहून सांगशील. उंबरमाळच्या टाकीवर क्लिक केलं की आकड्याच्या शेजारी एक छोटासा हात दिसतो. दुसऱ्या कुठल्याच टाकीला तो नाही. मला वाटायचं, असेल काही साधी खूण. फेब्रुवारीत झरा आटला, वाडीतल्या बायका विचारायला लागल्या तेव्हा मी तू तोंडी दिलेली शिकवणी आठवत एकेक खिडकी उघडून बघितली. हात म्हणजे आकडा यंत्राकडून आलेला नाही, माणसाने बसवलेला आहे. खाली माणसाचं नाव असतं. समर्थ असं लिहिलेलं आहे, आणि तारीख योजनेच्या उद्घाटनाची.

त्या रविवारी मी वर चढून गेले. टाकीच्या डोक्यावर पाणी मोजणारा सेन्सर नाहीच. नुसती वायर वर आलीय, टोकाला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून सुतळीने बांधलेली. गाठ तुझी आहे, तू अशीच दुहेरी मारतोस.

मग मला तो दिवस सगळा आठवला. मी आरतीचं ताट धरून उभी होते. मोठ्या पडद्यावर चार वाड्यांच्या टाक्या निळ्या होत्या आणि उंबरमाळची करडी, वर प्रश्नचिन्ह. वाडीतल्या सगळ्या बायका ठेवणीतल्या लुगड्यांत उतरून आल्या होत्या. आईने मोठ्यांदा विचारलं, "आन आमच्याच टाकीवर का वं राख पसरलीया?" सगळे हसले. ती ओशाळली, पदर तोंडाला लावून मागे सरकली. तू कॉम्प्युटरवर वाकलास आणि क्षणात टाकी निळी झाली. बहात्तर टक्के. टाळ्या पडल्या. तू तिला हाताला धरून पडद्यापाशी नेलंस आणि म्हणालास, "मावशी, इथं दिसलं म्हणजे तिथं आहे." तिचा चेहरा काय फुलला होता तेव्हा!

तू ते का केलंस हे मला कुणी सांगायला नको. म्हातारीचं तोंड उतरलेलं तुला बघवलं नाही. सोमवारी सेन्सर येईल, आल्यावर हात काढून टाकू, असं तुझ्या मनात असणार. सोमवारी कंपनीने तुला दुसऱ्या साइटवर हलवलं, सेन्सर आला नाही, आणि पुढे कंपनीचं आणि पाण्याच्या ऑफिसचं वाजलं. तेव्हा झऱ्याला पाणी होतं म्हणून वाडीतही कुणी बोंब मारली नाही. नळ म्हणजे आज ना उद्या येईलच, असं धरून चालले सगळे.

आता झरा आटलाय. आईचंही मी तुला खोटं लिहिलं होतं. ती हिरड्याला जाते ते खरं, पण त्याच्या आधी आणि नंतर कड्याखालच्या ओढ्यात उतरते. तिथे डबकं राहिलंय, वाटीने भरावं लागतं. चढताना गुडघ्यावर हात ठेवून बसत बसत येते.

टँकर मागायला मी स्वतः ऑफिसला गेले. साहेब वाईट नाहीत, चहा पाजला. मग मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ताई, हा रोजचा रिपोर्ट तुमच्याच कंट्रोल रूममधून येतो ना?"

म्हटलं, हो.

"खाली नाव तुमचंच आहे ना? उंबरमाळ बहात्तर टक्के. जिच्या टाकीत एवढं पाणी आहे त्या वाडीला मी टँकर दिला तर उद्या मला कोण सोडेल?"

मी म्हटलं, वर येऊन बघा. त्यांनी खरंच माणूस पाठवला. त्याने आत वाकून बघितलं, टाकी रिकामी असं लिहून दिलं. झालं भलतंच. त्याच दिवशीचा एक कागद म्हणतो रिकामी, दुसरा म्हणतो बहात्तर. कागद जुळत नाहीत म्हणून फाईल तांत्रिक अभिप्रायाला गेली. अभिप्राय कोण देणार? तुझी जुनी कंपनी. आणि ती ऑफिसचं पत्रच हातात घेत नाही. मी हाताच्या खुणेचा फोटो दाखवला तर साहेब म्हणाले, "या खुणेचा अर्थ ज्याने सिस्टीम बसवली त्यानेच लिहून द्यायला हवा. तुम्ही ऑपरेटर आहात."

मधल्या टप्प्यावरच्या पंपाच्या पॅनेलला सील आहे. वाद मिटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सुनील म्हणाला, मी तोडतो. मी त्याच्या पाया पडून थांबवलं, कारण मग चोरीची केस त्याच्यावर आणि माझी नोकरीही जाणार. यंत्र आहे, वीज आहे, धरणात पाणी आहे, माणसंही आहेत. एक आकडा मध्ये उभा आहे आणि त्याच्यापुढे आम्ही सगळ्यांनी हात टेकलेत.

म्हणून मागते. पासवर्ड नको. येऊ पण नकोस. फक्त दोन ओळी लिहून दे: उंबरमाळच्या टाकीला सेन्सर नाही, तिथला आकडा मी हाताने टाकला होता. खाली सही. साहेब म्हणतात तेवढ्यावर टँकर सुटेल.

त्या दोन ओळींनी तुझं काय होऊ शकतं ते मला कळतं. कंपनी सगळं खापर तुझ्यावर फोडेल.  पण ज्याच्याकडे मागावं असं दुसरं कुणी नाही.

ताई


डिंभे,
८ मे २०२५

चि. समर्थ,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या वडिलांचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही, उलट रडवेले झाले होते. "बाय, तू त्याला राखी बांधलीस. आता त्याच्या पोटावर पाय नको दिऊस. सूनबाईचे दिवस भरत आल्यात." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच फोन केला असता.

तेव्हा हे पत्र काही मागायला नाही, असं मी बसताना ठरवलं होतं. लिहून होईपर्यंत ठराव टिकतो का बघू.

वाडी आता जवळजवळ उठली. दरवर्षी माणसं उन्हाळ्यात कामाला खाली जातातच, पण घरात म्हातारं माणूस, शेरडं मागे असतात. यंदा कुलपं लागली. कुणी जुन्नरकडे कांदा काढायला गेलं, कुणी महाळुंगे पडवळला नातलगांकडे. वर राहिल्या आई आणि शेजारची चिमाबाई. ओढ्यातलं डबकंही चिखल झालं तेव्हा सुनील जाऊन आईला घेऊन आला. ती यायला तयार नव्हती. चिमाबाईच्या दावणीला तिने शेळी बांधली आणि मगच निघाली. सुनील दर दोन दिवसांनी कॅन घेऊन चिमाबाईकडे जातो.

इथे आईचं मन लागेना. जावयाच्या घरी किती दिवस राहायचं, हे एकच. सकाळी उठून भांडी घासून ठेवायची, मी म्हटलं राहू दे, की म्हणायची, "मंग काय बसून खाऊ?" खिडकीतून डोंगराकडे बघायची. दिवसातून चारदा शेळीची चौकशी, जणू मला इथून शेळी दिसते.

पडद्याच्या खोलीत मी तिला येऊ देत नव्हते. काहीबाही सांगायचे, साहेब रागावतात, बाहेरच्या माणसाला मनाई आहे. तिला उंबरमाळचा आकडा दाखवायचं धाडस नव्हतं. तुझ्याबद्दल मी तिला काहीच सांगितलेलं नाही, कधी सांगणारही नव्हते. ती अजून दर सणाला विचारते, समर्थ कसा हाय, लेकरू झालं का. पाणी येत नाही याचा दोष तिने सरकारला दिला, पंपाला दिला, एकदा तर स्वतःच्या नशिबाला दिला. तुला कधीच नाही.

आज सकाळी मी डबा विसरले. मागोमाग ती घेऊन आली आणि सरळ आत शिरली.

मी उठून पडद्यासमोर उभी राहणार, तोवर तिने बघितलं होतं.

"वैजू, आगं आपली टाकी भरली!"

मी तिच्या हातातला डबा घेतला.

"तसंच निळं हाय बग. समर्थनं दावलं व्हतं तसंच." ती जवळ गेली, डोळे बारीक केले. पडद्यावर ती टाकी मीच उघडी ठेवलेली होती, रोज सकाळी बघते तशी. "आन ह्यो हात कुणाचा?"

"असतो तसा," मी म्हटलं.

"द्येवाचा आसंल," ती म्हणाली आणि तिने पडद्याला हात जोडले.

समर्थ, ती परत घरी गेली आणि पिशवी भरायला लागली. लुगडं, चष्मा, शेळीसाठी सुनीलने आणलेली नवी दोरी. चेहरा असा की माहेरी निघालेली पोर. मी मागे मागे गेले. शेवटी मला सांगावंच लागलं. म्हटलं, आई, ते पाणी खरं नाही. तिथे सेन्सरच नाही. तो आकडा समर्थने उद्घाटनाच्या दिवशी हाताने टाकला, तू वाईट वाटून घेशील म्हणून. तेव्हापासून तो तसाच आहे.

ती दोरी गुंडाळत होती, ती थांबली.

"त्यो पोरगा माझ्या चुलीपाशी बसून भाकर खाऊन गेलाय," ती म्हणाली. "त्यो खोटं टाकंल व्हय?"

"खोटं म्हणून नाही टाकलं गं. तुझ्यासाठी टाकलं."

"तुला मला हितंच ठिवून घ्यायचीया, म्हून सांगतीस. कळतं मला. लेकीची माया हाय ती, मी काय रागावत न्हाई. पर त्या पोराचं नाव कशाला घालतीस त्यात?"

मी शपथ घेतली. वायर, दुधाची पिशवी, सुतळीची गाठ, सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू गेलीस तवा नसंल बसवलं, आता बसवलं आसंल. आणि मग साहेबांसारखंच बोलली, अगदी तेच. "तुझ्याच पडद्यावर दिसतंय की!"

एसटी एरवी कधी वेळेवर येत नाही. आज आली. मी पाच लिटरचा कॅन भरून तिच्या हातात दिला, तो तिने थांब्याच्या कट्ट्यावर ठेवला. "भरल्या टाकीला कॅन घिऊन गेले तर चिमाबाई हसंल मला," म्हणाली. मी तो उचलून पुन्हा खिडकीतून द्यायला गेले, कंडक्टरने घंटी मारली. मला मागे जाता येईना, पंपघरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि सुनील जाळं ओढायला धरणात गेलेला. तो आला की कॅन घेऊन त्याला आधी वर पाठवते. तोवर कॅन माझ्या पायाशी आहे.

मला तुझा राग नाही. खूप प्रयत्न केला राग यावा म्हणून, म्हणजे निदान शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तू वाईट वागला असतास तर ती आज गेली नसती. तू तिच्याशी चांगला वागलास म्हणून तिचा तुझ्यावर विश्वास आहे, आणि म्हणून ती गेली. मला या विश्वासाशी भांडता येत नाही. साहेबांशी भांडता आलं नाही, तसंच.

स्नेहलचं बाळंतपण सुखरूप होऊ दे. बाळ झालं की तुझ्या वडिलांना म्हणावं, एक फोन करा, मी पुन्हा टँकरचं बोलणार नाही. आईला सांगायला पाहिजे, ती बारशाला कुंची शिवणार आहे.

एव्हाना एसटीतून उतरून ती चढण चढून गेली असेल. मी ओळखते तिला, घरी जायच्या आधी ती पिशवीसकट टाकीपाशी जाईल. तोटी फिरवेल. लगेच नाही आलं तरी घाबरणार नाही, उभी राहील, कारण तूच तिला सांगितलं होतंस की पाणी लांबून येतं, मावशी, त्याला जरा वेळ द्यायचा. किती वेळ देईल ते मला इथून दिसत नाही. इथून तिची टाकी निळी दिसते, बहात्तर टक्के.

तुझ्या दोन ओळींची अजूनही वाट बघणारी,
तुझी ताई,
वैजयंती